हंगामाची बेरीज जुळते, पाणी मात्र पुरत नाही: गरज आणि तूट कशी मांडावी?

मोजपट्टी

दोन हेक्टरचा पाण्याचा हिशोब मांडतोय. एक हेक्टर गहू आणि एक हेक्टर रोपलागणीचा कांदा, दोन्ही १२० दिवसांचे, एकाच वेळी सुरू. हंगाम कोरडा, म्हणून पाऊस शून्य धरलाय. गव्हाला सारे (छोट्या बांधांमधले लांब पट्टे), पाणी १५० मीटरच्या मातीच्या चारीने जातं. कांदा ठिबकवर. जमीन मध्यम पोताची. पाणी फक्त विहिरीचं.

हिशोब दहा-दहा दिवसांच्या बारा टप्प्यांत केला. बाष्पीभवन पात्राच्या (रोज किती पाणी उडतं ते मोजायच्या उघड्या भांड्याच्या) नोंदींना ०.७ ने गुणून संदर्भ बाष्पोत्सर्जन (हिरव्या गवताच्या रानातून रोज उडणारं पाणी) काढलं: सुरुवातीला रोज ३.५ मिमी, नवव्या टप्प्यात ५, शेवटी ६.४. पीक गुणांक (त्या संदर्भाच्या किती पट पाणी पिकाला लागतं तो आकडा) एफएओच्या, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या, ५६ क्रमांकाच्या पुस्तिकेतले. गहू ०.३ वरून १.१५ आणि शेवटी ०.३५. कांदा ०.७, मग १.०५, शेवटी ०.७५. वहन आणि वापराची कार्यक्षमता (सोडलेल्या पाण्यातला मुळांशी पोचणारा वाटा) मिळून गव्हाला ०.८५ × ०.६० = ०.५१, कांद्याला ०.९०.

एकूण गरज १४,४२८ घनमीटर आली. विहिरीचा उपसा पहिल्या टप्प्यात दिवसाला १५० घनमीटर आणि उतरत उतरत शेवटी ७५. त्याची बेरीज १४,२५०. म्हणजे तूट जेमतेम एक टक्का. एवढ्यावर दोन्ही पिकं निर्धास्त घ्यावीत का? कुठे चुकत असेन तर दाखवा.

पाटपाणी

बारा टप्पे केलेत आणि मग त्यांची बेरीज करून टाकलीत. सगळी मेहनत त्या एका बेरजेत बुडाली. टप्पानिहाय आकडे इथे टाका, गरज आणि पुरवठा शेजारी-शेजारी.

मोजपट्टी

घ्या. सगळं दर दहा दिवसांचं, घनमीटरमध्ये.

टप्पा १: गरज ४७८, पुरवठा १५००
टप्पा २: ५१३, १५००
टप्पा ३: ७४५, १४५०
टप्पा ४: १०२३, १४००
टप्पा ५: १२३२, १३५०
टप्पा ६: १३००, १३००
टप्पा ७: १४३७, १२००
टप्पा ८: १५७४, ११००
टप्पा ९: १७१०, १०००
टप्पा १०: १७३६, ९००
टप्पा ११: १५०२, ८००
टप्पा १२: ११७८, ७५०

पाटपाणी

आता बघा. पहिल्या पाच टप्प्यांत ३,२०९ घनमीटर शिल्लक आणि सातव्यापासून ३,३८७ घनमीटर तूट. बेरजेत दोन्ही एकमेकांना खाऊन टाकतात आणि कागदावर १७८ उरतात. पण दुसऱ्या टप्प्यातलं जास्तीचं पाणी दहाव्या टप्प्यातल्या पिकाला आपोआप मिळत नाही. ते कुठेतरी साठवलेलं असावं लागतं. तुमच्या मांडणीत साठवणच नाही, त्यामुळे दहाव्या टप्प्यात रोज १७४ घनमीटर लागणार आणि मिळणार ९०. निम्म्याच्या जरा वर.

शिवाय बारावा टप्पा गरजेत धरलाय. गव्हाचा दाणा कडक व्हायला लागल्यावर पाणी देत नाहीत आणि कांद्याचं पाणी काढणीआधी दहा-पंधरा दिवस तोडतात, नाहीतर माना जाड राहतात आणि साठवणीत कांदा सडतो. तो टप्पा दोन्ही बाजूंनी काढून टाका. मग गरज १३,२५० आणि पुरवठा १३,५००. म्हणजे बेरीज आता शिल्लक दाखवते, आणि सात ते अकरा टप्प्यांत मात्र २,९५९ घनमीटरची तूट तशीच उभी आहे. हंगामाच्या बेरजेवर भरवसा ठेवू नये तो यासाठीच.

विहीरतळ

पुरवठ्याच्या रकान्याबद्दल दोन प्रश्न. दिवसाला १५० घनमीटर कसे मोजलेत? पंपाच्या पाटीवरचा आकडा गुणिले तास असं असेल तर तो रकाना पुसून टाका. पाटीवरचा प्रवाह एका ठरावीक उंचीसाठी असतो. विहिरीची पातळी खाली गेली की उंची वाढते आणि प्रवाह घटतो.

दुसरं, हे टप्पानिहाय आकडे रोज पूर्ण उपसा करून आलेत की गरजेपुरता उपसा करून? गरजेपुरताच उपसा असेल तर शिल्लक म्हणून दाखवलेलं पाणी उपसल्यावर विहीर लवकर उतरेल आणि पुढचे आकडे खोटे ठरतील.

मोजपट्टी

चारीच्या तोंडाशी प्रवाह मोजायला ९० अंशांची त्रिकोणी खाच असलेली फळी बसवली आहे. दर तासाला खाचेच्या टोकावरची पाण्याची उंची पट्टीवर नोंदली. सुरुवातीला १२ सेंमी, साडेसात तासांनी १० सेंमी. प्रत्येक नोंदीचा प्रवाह काढून सरासरी घेतली, ती सेकंदाला ५.६ लिटरच्या आसपास. साडेसात तासांचे सुमारे १५० घनमीटर. उपसा रोज पूर्ण वेळ चालवला होता.

विहीरतळ

मग पाया पक्का आहे. नोंदींची नाही, प्रवाहांची सरासरी घेतलीत हे बरोबर. इतरांसाठी लिहितो, कारण इथेच सगळे फसतात.

९० अंशांच्या खाचेचं सूत्र: प्रवाह (लिटर प्रति सेकंद) = ०.०१३८ × उंची (सेंमी) चा २.५ वा घात. १२ सेंमीला ६.९ लिटर, ११ ला ५.५, १० ला ४.४. म्हणजे पट्टीवर फक्त दोन सेंमी उतरलं तरी पाणी ३७ टक्क्यांनी घटलेलं असतं. सकाळी एकदाच १२ सेंमी बघून तोच प्रवाह दिवसभर धरला असता तर १८६ घनमीटर आले असते. छत्तीस घनमीटर निव्वळ हवेत.

सुरुवातीचा जोरही फसवा असतो, कारण पहिले काही तास आपण विहिरीत साठलेलं पाणी उपसतो, झऱ्यांचं नाही. सहा मीटर व्यासाच्या विहिरीत दर मीटर खोलीला २८.३ घनमीटर पाणी असतं. खरी आवक बघायची तर पंप बंद केल्यावर दर पंधरा मिनिटांनी पातळी मोजा. क्षेत्रफळ गुणिले तासाची चढ म्हणजे त्या वेळची आवक. पातळी वर येत जाते तशी चढ मंदावते, म्हणून पहिल्या तासाच्या चढीला २४ ने गुणू नका. सगळ्यात साधी कसोटी अशी: आज सकाळची पातळी उद्या सकाळी परत आली तर आजचा उपसा विहिरीला झेपला. रोज पाच-पाच सेंमी कमी येत असेल तर तुम्ही भांडवल खाताय.

आर्द्रा

गरजेच्या बाजूलाही तपासण्यासारखं आहे. पात्राला सरसकट ०.७ लावलंय. ‘अ’ वर्गाचं पात्र (१२०.७ सेंमी व्यास, सुमारे २५ सेंमी खोल, लाकडी चौकटीवर) कुठे ठेवलंय त्यावर हा गुणांक बदलतो. मंद वारा आणि मध्यम आर्द्रता असताना वाऱ्याच्या दिशेला शंभर मीटर हिरवं पीक असेल तर ०.८०, तेवढंच कोरडं पडीक रान असेल तर ०.६५. एकाच पात्रातल्या ७ मिमी नोंदीचे ५.६ किंवा ४.६ मिमी होतात. पक्ष्यांसाठी जाळी टाकली असेल तर तीही नोंद दहा टक्क्यांपर्यंत कमी करते. पात्राभोवतीचं रान हंगामात हिरव्याचं कोरडं होत असेल तर गुणांकही त्याच्याबरोबर बदलायला हवा.

सुरुवातीच्या गुणांकाचंही तसंच. गव्हाचा ०.३ हा माती बहुतेक वेळ वरून कोरडी असते असं धरून आहे. पेरणीनंतर लागोपाठ दोन हलक्या पाळ्या दिल्या तर उघडी ओली माती भरपूर पाणी उडवते आणि तो ०.६–०.७ वर जातो. तुमच्याकडे तेव्हा शिल्लक आहे म्हणून निभावतंय, ज्यांच्याकडे नाही त्यांनी हे धरावं.

मोजपट्टी

पात्र कांद्याच्या बांधावर आहे, वाऱ्याच्या बाजूला पंधराएक मीटर पीक, जाळी नाही. बाकी प्रश्न असा: ज्यांचा हंगाम पावसाळी आहे त्यांनी पाऊस कसा वजा करायचा? सरासरी धरून?

आर्द्रा

दहा मीटर हिरव्या पट्ट्याला त्याच हवेत ०.७५ येतो. ०.७ वर राहिलात तर गरज सहा-सात टक्के कमी दिसेल, एवढं ध्यानात ठेवा.

पावसाची सरासरी धरू नका. सरासरीएवढा पाऊस साधारण निम्म्या वर्षांतच पडतो. निदान वीसेक वर्षांचे त्या महिन्याचे आकडे घ्या, मोठ्यापासून लहानापर्यंत लावा आणि क्रमांक भागिले (वर्षं + १) करा. १९ वर्षांचे आकडे असतील तर १६ व्या क्रमांकाचा पाऊस म्हणजे १६ ÷ २० = ०.८, दहातल्या आठ वर्षी निदान एवढा पडतो. नियोजनाला हाच घ्यायचा.

त्यातलाही सगळा मुळांना मिळत नाही. महिन्याला ७५ मिमीपेक्षा कमी असेल तर ०.६ ने गुणून १० वजा, जास्त असेल तर ०.८ ने गुणून २५ वजा. ४० मिमी पावसाचे १४ उरतात आणि २० मिमीचे फक्त २. हे सूत्र सपाट रानासाठी आहे. चढावर, किंवा तासाभरात कोसळणाऱ्या पावसात याहूनही कमी मिळतं.

पाटपाणी

आता कार्यक्षमतेवर येऊ, कारण तूट भरायची सगळ्यात स्वस्त जागा तिथेच आहे. चारीची गळती कशी काढलीत?

मोजपट्टी

पुस्तकातला आकडा, छोट्या मातीच्या चारीला ८५ टक्के. ठिबकचे ९० पण पुस्तकातलेच.

पाटपाणी

तुमच्याकडे खाच आहे, दुसरी चारीच्या शेवटी बसवा आणि पाणी स्थिरावल्यावर अर्ध्या तासाने दोन्ही वाचा. वर ११.० आणि खाली १०.४ आलं तर ५.५ आणि ४.८ लिटर, म्हणजे १३ टक्के गळती. चारी कोरडी असताना घेतलेली पहिली नोंद वापरू नका, कोरडी माती तेव्हा जास्त पिते. आणि खाचेखाली पाणी मोकळं पडलं पाहिजे, धारेच्या मागे हवा दिसली पाहिजे. सपाट चारीत खालचं पाणी तुंबून खाचेपर्यंत आलं की पट्टी जास्तीचा प्रवाह दाखवते.

चारीऐवजी पाइप टाकला आणि वहन ९५ टक्के धरलं तर गव्हाची एकूण कार्यक्षमता ०.९५ × ०.६० = ०.५७ होते. आता सात ते अकरा टप्प्यांची तूट १३७, ३६५, ५९२, ७२०, ६०९. एकूण २,४२३. पाचशेहून जास्त घनमीटर नुसत्या चारीत जिरत होते.

ठिबकचे ९० तर आधी तपासाच. सगळ्या रानात पसरलेल्या वीस तोट्यांखाली भांडी ठेवा, सारख्या वेळात जमलेलं पाणी मोजा. सगळ्यात कमी पाच भांड्यांची सरासरी भागिले वीसांची सरासरी. हे ०.७५ आलं तर दहाव्या टप्प्यात कांद्याला ६३६ नाही, ७६३ घनमीटर लागतील. उपनळीच्या टोकाच्या तोट्या कमी टिपत असतील तर बहुतेक गाळ असतो. टोकं उघडून स्वच्छ पाणी येईपर्यंत धुऊन घ्या आणि मग परत मोजा.

मृदगंध

सगळे साठवणीबद्दल बोलताय आणि पायाखालच्या साठवणीला कुणी हात लावला नाही. माती हेच पहिलं तळं.

मध्यम पोताच्या मातीत मीटरभर खोलीला साधारण १४० मिमी उपलब्ध ओलावा राहतो. रेताड असेल तर ६०, भारी चिकणमातीत २००. गव्हाची मुळं एक मीटर धरा आणि ताण न बसता ५५ टक्के काढता येतात असं धरा: ७७ मिमी. हेक्टरला ७७० घनमीटर, आणि ते मुळांशीच आहे. सहाव्या टप्प्याच्या शेवटी मीटरभर माती पूर्ण वाफशाला (जास्तीचं पाणी निथळून ओल भरून राहिलेली) असेल तर सातव्यापासून पुढे हे ७७ मिमी हळूहळू वापरून टाकायचे आणि काढणीला रान कोरडं सोडायचं. ०.५७ ने भागलं तर विहिरीचं १,३५१ घनमीटर पाणी वाचतं. तूट २,४२३ वरून १,०७२ वर येते. हे पाणी उघड्या तळ्यासारखं उडतही नाही.

अट एकच, ती माती खरोखर भरलेली पाहिजे. पेरणीआधी रान ओलवताना आणि पहिल्या पाच टप्प्यांत, जेव्हा पाणी शिल्लक आहे, तेव्हाच खालचे थर भरून घ्यायचे. (ओलवणीचं पाणी तुमच्या तक्त्यात नाही, पण ते पहिल्या टप्प्याच्या आधी येतं, विहीर तेव्हा भरलेली असते.) पाळी दिल्यावर दोन दिवसांनी गिरमिटाने ३०, ६० आणि ९० सेंमीवरची माती काढा. मूठ आवळून गोळा करा. मध्यम मातीचा गोळा नीट बसला, बोटांना ओल लागली पण पाणी सुटलं नाही तर तो थर वाफशाला आहे. ९० चा गोळा फुटत असेल तर पाणी खाली गेलेलंच नाही, तुम्ही नुसती वरची साय ओली करताय. खडक किंवा मुरूम ५० सेंमीवरच लागला तर ७७ चे ३८ धरा, आणि मग सगळा हिशोब पुन्हा करा.

कांद्याला हे जमणार नाही. मुळं ४० सेंमीच्या आसपास, आणि ३० टक्क्यांपलीकडे काढलं की ताण. १४० × ०.४ × ०.३ = १६.८ मिमी. नवव्या टप्प्यात रोजची गरज ५.२५ मिमी, म्हणजे तीन दिवसांची शिदोरी. कांद्याचं पाणी तोडायचा विचारही करू नका, सगळी तूट गव्हाच्या अंगावर घ्या.

विहीरतळ

पाण्याची वाहकता (क्षार किती आहेत ते दाखवणारं माप) मोजलीय का? विहीर खाली गेली की बऱ्याच ठिकाणी पाणी खारट होतं, आणि मग क्षार धुऊन काढायला जास्तीचं पाणी लागतं. धुलाईचा वाटा = पाण्याची वाहकता ÷ (५ × मातीची सोसवणारी वाहकता − पाण्याची वाहकता). कांद्याला मातीची १.२ डेसीसायमन प्रति मीटरच सोसते. पाणी १.५ चं असेल तर १.५ ÷ ४.५ = ०.३३, म्हणजे वरून मोकळं पाणी देताना गरज दीडपट. टोमॅटोला २.५ सोसते, तिथे तेच पाणी ०.१४ वर भागतं.

ठिबकने रोज देत असाल तर सूत्र वेगळं: पाण्याची वाहकता ÷ (२ × पीक शून्यावर येतं ती वाहकता). कांद्याला ती ७.४ आहे, म्हणून १.५ ÷ १४.८, दहा टक्के. आणि गव्हाला वेगळा वाटा जोडू नका. साऱ्यांत ४० टक्के पाणी तसंही वाया धरलंय, त्यातलं बरंचसं खाली झिरपून धुलाई करतंच. एकच पाणी दोनदा मोजणं ही इथली नेहमीची चूक आहे.

मोजपट्टी

वाहकता ०.६ आहे, सध्या सोडून देतो. म्हणजे पाइप आणि मातीतला साठा धरून १,०७२ घनमीटर उरले. आता दोन वाटा दिसतात: तळं किंवा गव्हाचं क्षेत्र कमी करणं. सात ते अकरा टप्प्यांत एक हेक्टर गव्हाला पाइपने ४,५५७ लागतात, मातीतले १,३५१ वजा जाता ३,२०६. त्यात १,०७२ ची तूट म्हणजे एक तृतीयांश. ३३ आर गहू कमी करावा?

पाटपाणी

पेरण्याआधी कमी करणं केव्हाही शहाणपणाचं. पेरल्यावर वाळलेलं रान बघण्यापेक्षा ६७ आर नीट पिकवा.

आर्द्रा

पाटपाणी, इथे मी सहमत नाही. ३३ आर कमी केले तर सुरुवातीच्या टप्प्यांत त्या ३३ आरांना मिळणारं फुकटचं पाणीही सोडून दिलं. उत्पादन सरळ ३३ टक्क्यांनी घटणार. त्याऐवजी पूर्ण हेक्टर पेरून तूट सोसली तर?

१,०७२ × ०.५७ = ६११ घनमीटर, म्हणजे मुळांशी ६१ मिमी कमी. गव्हाची पूर्ण हंगामाची गरज ४५३ मिमी. तूट १३.५ टक्के. वसंती गव्हाचा उत्पादन-प्रतिसाद गुणांक (पाणी एक टक्का कमी पडलं तर उत्पादन किती टक्के घटतं तो आकडा) १.१५, म्हणून घट साडेपंधरा टक्के. ३३ च्या निम्म्याहून कमी.

मृदगंध

साडेपंधरा हे तूट हंगामभर सारखी वाटली तरचं. तुमची तूट शेवटी एकवटली आहे, म्हणून अवस्थेनुसार बघा. गव्हाचे गुणांक: वाढीच्या काळात ०.२, फुलोऱ्यात ०.६५, दाणे भरताना ०.५५.

सगळे ६१ मिमी दाणे भरायच्या काळावर टाकले, म्हणजे नऊ ते अकरा टप्पे, तर तिथली गरज १५८.६ मिमी. तूट ३८ टक्के, घट २१ टक्के. तेच ६१ मिमी सात-आठ टप्प्यांत, ऐन फुलोऱ्यात, कापले तर गरज १०१ मिमी, तूट ६० टक्के, घट ३९ टक्के. (सूत्र साधारण ५० टक्के तुटीपर्यंतच खरं मानतात, म्हणून प्रत्यक्षात याहून वाईटही होईल.) आर्द्रा म्हणतात तसं पूर्ण क्षेत्र परवडतं, पण तूट कुठे पडणार हे तुमच्या हातात असेल तरच. फुलोऱ्याची पाळी चुकली की ३३ आर कमी केलेले बरे होते असं होईल.

तुमच्या आकड्यांत ते जमतं. सात-आठ टप्प्यांची तूट १३७ + ३६५ = ५०२ आहे आणि मातीत १,३५१ चा साठा आहे. फुलोरा पूर्ण पाण्यात जातो, उरलेला ८४९ चा साठा पुढे.

पाटपाणी

हे मान्य. माझा ३३ आरांचा सल्ला मका असेल तिथे ठेवा. मक्याचा हंगामी गुणांक १.२५ आणि एकट्या फुलोऱ्याचा १.५, तिथे ताण सोसायची सोय नाही.

पण साऱ्यांत ६१ मिमी थोडे थोडे कापता येत नाहीत. साऱ्याच्या टोकाला पाणी पोचायलाच ५०–६० मिमी लागतात. पाळी हलकी करायला गेलात तर तोंडाला भिजतं आणि टोक कोरडं राहतं. त्यामुळे व्यवहारात ६१ मिमी कमी म्हणजे एक पूर्ण पाळी रद्द. ती दाणा चिकात (दुधाळ) असतानाची नको, त्यानंतरची. आणि मुकुटमुळं (खोडाच्या बुडाशी येणारी कायमची मुळं) फुटण्याची, पेरणीनंतर एकविसाव्या दिवसाच्या आसपासची पाळी कोणत्याही कारणाने पुढे ढकलू नका. तेव्हा तुमच्याकडे पाणी आहेच.

पाळ्यांचं अंतरही मातीवरून काढा. ऊन वाढलं की ताणाशिवाय काढता येणारा वाटा घटतो: ०.५५ + ०.०४ × (५ − रोजची गरज). नवव्या टप्प्यात रोज ५.७५ मिमी, वाटा ०.५२, म्हणजे ७३ मिमी आणि अंतर साडेबारा दिवस. कॅलेंडरवर पंधरा दिवस लिहून ठेवले असतील तर शेवटचे अडीच दिवस पीक ताणात असतं आणि वरून काही दिसत नाही.

मोजपट्टी

आणि तळं? जमीन आहे.

विहीरतळ

१,०७२ आणि उडणारं पाणी. चौथ्या टप्प्यात भरलं आणि अकराव्यात रिकामं झालं तर मधल्या काळात संदर्भ बाष्पोत्सर्जन ३६१ मिमी आहे. उघड्या पाण्याला थोडं जास्त, ३८० धरा. साडेपाचशे चौरस मीटर पृष्ठभागाला सुमारे २०० घनमीटर. म्हणजे १,२७० चं तळं, अस्तर घालून. बिनअस्तराचं असेल तर आधी खड्डा भरून आठवडाभर पातळी मोजा, उडणं वजा करा, उरलेलं झिरपणं. रोज एक सेंमी झिरपलं तरी ऐंशी दिवसांत ८० सेंमी जातात.

आकारमान काढताना वरचं क्षेत्रफळ गुणिले खोली करू नका. वर २४ × २४ मीटर, पाण्याची खोली ३.५, बाजूंचा उतार दीडास एक असेल तर तळ १३.५ मीटर आणि मध्य १८.७५ मीटर. (५७६ + ४ × ३५१.६ + १८२.३) ÷ ६ × ३.५ = १,२६३ घनमीटर. तुमच्या गरजेला जेमतेम. साधा गुणाकार २,०१६ दाखवतो. काठ मोकळा सोडायचा तो या ३.५ च्या वर.

आर्द्रा

तळं करा किंवा एक पाळी सोडा, सहाव्या टप्प्यात थांबून तपासा. विहीर दिवसाला १३० देईल असं धरलंय. तेव्हा ११० च मिळाले तर पुढचा सगळा रकाना त्याच प्रमाणात, १५ टक्क्यांनी खाली घ्या: सात ते अकरा टप्प्यांत आणखी ७५० घनमीटर जातील. गव्हाला मग एक नाही, दोन पाळ्यांची तूट येते. तेव्हा क्षेत्र कमी करणं हातात नसतं, पण बांधाच्या कडेचे, साऱ्यांच्या टोकाचे सतत कोरडे राहणारे पट्टे आधीच सोडून उरलेल्याला फुलोऱ्यात पूर्ण पाणी देता येतं.

मोजपट्टी

ठरवतो ते असं. पाइप आधी. ओलवणीनंतर तीन खोल्यांवर गिरमिट. ठिबकच्या वीस तोट्या लागणीआधी मोजतो. क्षेत्र पूर्ण ठेवतो, चिकाची अवस्था संपल्यावरची पाळी रद्द धरून. तक्त्यात पात्राचा गुणांक ०.७५ करून पुन्हा मांडतो. खाचेची पट्टी सध्या खाचेलाच चिकटवली आहे, ती बरोबर आहे का?

विहीरतळ

नाही. खाचेपाशी पाणी खाली वाकतं, तिथे उंची कमी दिसते. पट्टी वरच्या अंगाला निदान चार पट उंचीवर हवी. १२ सेंमीसाठी अर्धा मीटर मागे रोवा, आणि पट्टीचं शून्य खाचेच्या टोकाशी पाणसळीने जुळवा. एक सेंमी चुकलं तरी १२ सेंमीला वीसेक टक्क्यांचा फरक पडतो. आतापर्यंतच्या नोंदी खाचेवरच्याच असतील तर तुमचे १५० प्रत्यक्षात थोडे जास्त निघतील. तक्ता पुन्हा मांडायच्या आधी ही पट्टी हलवा.